अश्वारोहण क्रीडा

अश्वारोहण क्रीडा म्हणजे घोडा आणि स्वार या दोघांच्या संयुक्त कौशल्याची, ठरावीक नियमांनुसार घेतली जाणारी स्पर्धा होय. केवळ वेगावर निकाल ठरणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींहून हा प्रकार वेगळा आहे. येथे घोड्याची चाल, आज्ञाधारकता, उडी, दमसास आणि स्वाराची बैठक यांचे एकत्रित मोजमाप होते. ऑलिंपिक स्पर्धांमध्ये प्राणी सहभागी असणारा हा एकमेव खेळ उरला असून त्यात स्त्री व पुरुष यांचे स्वतंत्र गट नसतात. दोघेही एकाच पदकासाठी झुंजतात. निकालपत्रात स्वाराच्या नावाशेजारी घोड्याचे नाव छापण्याची प्रथा आहे.

शब्द आणि चाली

मराठी भाषेत घोड्याविषयीची शब्दसंपदा विपुल आहे. मात्र त्यातील बरेच शब्द आता केवळ कोशात आणि बखरींत सापडतात. घोडी बांधण्याची जागा ती पागा, घोड्याची देखभाल करणारा तो मोतद्दार, नाल ठोकणारा नालबंद आणि नव्या घोड्याला स्वारीची सवय लावणारा चाबूकस्वार. घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणत, दाणा तोंडाशी बांधण्याच्या पिशवीला तोबरा, अंग घासण्याच्या दातेरी साधनाला खरारा, तर पुढचे व मागचे पाय बांधण्याच्या दोरांना आगाडी-पिछाडी. पाठीवर खोगीर, पोटाखालून आवळलेला तंग, पाय ठेवण्यासाठी रिकीब आणि तोंडात लगाम हा सरंजाम आजच्या स्पर्धेतही मूलतः तोच आहे. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात व तो शुभ मानला जातो.

चालींचे भेद समजल्याशिवाय हा खेळ पाहण्यात रस येत नाही. साध्या चालण्यात चार टाप वेगवेगळे ऐकू येतात. दुडक्या चालीत समोरासमोरच्या कर्णावरील पाय जोडीने पडत असल्याने दोनच ठोके ऐकू येतात. मंद दौडीत तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय अधांतरी असतात. भरधाव दौडीत पुन्हा चार ठोके येतात, पण इतक्या लवकर की कान त्यांना वेगळे करू शकत नाही. मारवाडी व काठियावाडी घोड्यांत आढळणारी रेवाल ही चाल याशिवाय आहे. तिच्यात स्वाराला फारसे हिसके बसत नाहीत, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी तिची ख्याती होती.

इतिहास

ग्रीक लेखक झेनोफन याने इ.स.पू. चौथ्या शतकात घोडा पारखणे व शिकवणे यांवर लिहिलेला ग्रंथ आजही वाचला जातो. घोड्याकडून धाकाने करवून घेतलेली गोष्ट त्याला समजून केलेली नसते, असे त्याचे मत होते. भारतीय परंपरेत अश्वविद्येचा संबंध शालिहोत्र या ऋषीशी जोडला जातो आणि महाभारतातील नकुल हा अश्वविद्येत निष्णात मानला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (इ.स. ११२९ च्या सुमारास) या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या क्रीडेचे वर्णन आले आहे. मराठीच्या आरंभकाळातील काही ओळी जतन करणाऱ्या ग्रंथांपैकी हा एक असल्याने मराठी अभ्यासकांना तो अन्य कारणासाठी परिचित असतो.

आधुनिक स्वरूपात हा खेळ युरोपातील घोडदळांच्या प्रशिक्षणातून आकारास आला. पॅरिस येथील १९०० च्या ऑलिंपिकमध्ये घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा झाल्या, तर १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून आजचे तीन प्रकार एकत्र आले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये हा खेळ व्यवहारतः लष्करी अधिकाऱ्यांपुरता होता. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे नागरिकांना व स्त्रियांना ड्रेसाज प्रकारात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्याखालील पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढविण्यास व उतरविण्यास त्यांना मदत लागे. १९५६ मध्ये त्यांनी ते यश पुन्हा मिळविले. ज्या खेळात पायाच्या दाबाने घोड्याशी बोलायचे असते त्यात हे घडले, ही बाब या खेळाच्या स्वरूपाविषयी बरेच सांगून जाते. अपंग खेळाडूंसाठीचा ड्रेसाज १९९६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे.

स्पर्धेचे प्रकार

ड्रेसाज: ६० मीटर लांब व २० मीटर रुंद मैदानात, कडेला मांडलेल्या अक्षरांच्या खुणांनुसार स्वार घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करवून घेतो. प्रत्येक हालचालीस परीक्षक शून्य ते दहा गुण देतात व त्यांची टक्केवारी काढली जाते. जागच्या जागी दुडकणे, मागच्या पायांवर लहान वर्तुळात वळणे, प्रत्येक पावलाला दौडीचा अग्रपाद बदलणे या उच्च पातळीवरील हालचाली होत. स्वाराच्या सूचना प्रेक्षकाला दिसू नयेत अशी अपेक्षा असते. नवख्या प्रेक्षकाला त्यामुळे घोडा आपल्याच मर्जीने नाचत आहे असे वाटते, आणि ते स्वाराचे यश मानले जाते.

शो जम्पिंग: रंगीत आडव्या दांड्यांचे अडथळे ठरलेल्या क्रमाने व वेळेत ओलांडायचे असतात. दांडी पडल्यास किंवा घोडा अडथळ्यापुढे थांबल्यास प्रत्येकी चार दोषगुण लागतात. वरिष्ठ स्पर्धांत अडथळे १.६० मीटरपर्यंत उंच असतात. सर्वांत कमी दोष असणारे एकाहून अधिक असल्यास वेळेवर निकाल लावणारी अंतिम फेरी होते.

इव्हेंटिंग: हा घोडदळाच्या परीक्षेचा थेट वारसदार आहे. एकाच घोड्याने पहिल्यांदा ड्रेसाज, मग मोकळ्या रानातील पक्के अडथळे, पाणी व चढउतार असलेली दौड आणि शेवटी शो जम्पिंग असे तीन टप्पे पूर्ण करायचे असतात. रानातील दौडीत एकदा नकार मिळाल्यास २० दोषगुण लागतात. ही दौड संपल्यावर पशुवैद्य घोड्याला सपाट जमिनीवर दुडक्या चालीने पळवून पाहतात. घोडा लंगडत असल्यास आघाडीवर असलेला स्वारही तेथेच बाद होतो.

याखेरीज लांब पल्ल्याची एन्ड्युरन्स स्पर्धा आहे. तिच्यातील सर्वांत मोठे अंतर एका दिवसात १६० किलोमीटर असते. प्रत्येक टप्प्यानंतर घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ किंवा त्याहून खाली यावे लागतात. अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडणारा घोडा या चाचणीत अनुत्तीर्ण झाला तर विजय दुसऱ्याचा होतो. गाडी ओढण्याची स्पर्धा व चालत्या घोड्यावरील कसरती हेही आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत आहेत. भारतीय उपखंडात लोकप्रिय असलेला टेंट पेगिंग हा प्रकार, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने जमिनीतील लाकडी खुंटी उचलणे, मुख्यतः लष्कर व पोलीस दलांनी जिवंत ठेवला आहे.

घोडा आणि स्वार

घोडा हा मूळचा कळपात राहणारा व संकटात पळून जाणारा प्राणी आहे. सुमारे ५०० किलो वजनाच्या या प्राण्याला बळाने वाकविणे माणसाला शक्य नाही. पाठीवर काही येऊन बसणे ही त्याच्या दृष्टीने हिंस्र श्वापदाने झेप घेण्यासारखी घटना असते. म्हणून शिंगराला स्वारीची सवय लावण्याचे काम महिनोन्महिने चालते. आधी हाताचा स्पर्श, मग खरारा, मग पाठीवर रिकामे कापड, त्यानंतर खोगीर, आणि कित्येक दिवसांनी स्वाराचे वजन, असा हा क्रम असतो. हा क्रम गाळणाऱ्याला पुढे स्पर्धेच्या मैदानात त्याची किंमत मोजावी लागते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्याला सभोवतालचा जवळजवळ सर्व भाग दिसतो. मात्र कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. उडी घेण्याच्या अखेरच्या क्षणी अडथळा त्याच्या दृष्टीच्या या अंध भागात जातो. त्या क्षणी घोडा आधी पाहिलेल्या उंचीच्या स्मृतीवर आणि पाठीवरील माणसावर विसंबून असतो. स्वाराने ऐनवेळी लगाम खेचला किंवा तो मनातून कचरला, तर घोडा थांबतो, आणि प्रेक्षक दोष घोड्याला देतात. अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरवून ती उडविणारा हा प्राणी स्वाराच्या मांडीतील किंवा पाठीतील ताण सहज ओळखतो. कानांची दिशा त्याचे लक्ष कोठे आहे हे सांगते. एक कान मागे स्वाराकडे वळलेला असणे हे ऐकत असल्याचे लक्षण समजतात.

घोड्याच्या या सूक्ष्म जाणिवेचे प्रसिद्ध उदाहरण बर्लिनमधील हान्स या घोड्याचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे टाप आपटून देत असे व त्याला पाहण्यास लोक गर्दी करीत. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ओस्कार फुंग्स्ट यांनी केलेल्या तपासणीत आढळले की, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी किंचित हालचाल पाहून हान्स थांबत असे. त्याच्या मालकाची त्यात फसवणूक नव्हती. आपण खूण करतो हे त्यालाही माहीत नव्हते. घोड्याला गणित येत नव्हते हे यातून सिद्ध झाले, परंतु माणसाला स्वतःविषयी जे कळत नाही ते घोडा वाचतो हेही सिद्ध झाले. स्वार आणि घोडा यांच्या सरावाचा पाया हाच आहे.

याची उलट बाजू टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) दिसली. आधुनिक पंचक्रीडा या वेगळ्या खेळात स्पर्धकाला चिठ्ठीने निघालेला अनोळखी घोडा मिळे व ओळख करून घेण्यास केवळ २० मिनिटे असत. सुवर्णपदकाच्या मार्गावर असलेल्या जर्मनीच्या आनिका श्लॉय यांच्या वाट्याला सेंट बॉय हा घोडा आला. त्याने आधीच्या स्पर्धकालाही नकार दिलेला होता. रडवेल्या स्वाराने चाबूक वापरला, त्यांच्या प्रशिक्षकाने घोड्यावर हात उगारला, आणि घोडा अधिकच बिथरला. श्लॉय यांचे पदक गेले व प्रशिक्षकावर कारवाई झाली. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पंचक्रीडेतून अश्वारोहण वगळण्याचा निर्णय झाला. वीस मिनिटांत अशी ओळख जमत नाही, हे अश्वारोहकांना त्याआधीच ठाऊक होते.

मराठी घोडदळ आणि बुलढाणा जिल्हा

मराठी मुलखात अश्वारोहणाचा इतिहास क्रीडेपेक्षा युद्धाचा आहे. विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे राजमाता जिजाबाई यांचे जन्मस्थान (१२ जानेवारी १५९८) आणि निजामशाहीतील मातबर सरदार लखुजी जाधव यांचे ठाणे. तेथील राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार अद्याप उभे आहे. याच तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. निजामाच्या बाजूने मराठी घोडदळही होते. या विजयातून हैदराबादच्या निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली व गावाला फत्तेखेर्डा असे नाव मिळाले.

मराठी घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला की त्याचे उत्पन्नच बुडे, त्यामुळे घोड्याला जपणे हा त्याचा स्वार्थही होता. सभासद बखरीतील वर्णनानुसार शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद नेमलेला असे. माणसांच्या अधिकाऱ्यांबरोबर घोड्यांच्या पाण्याची व नालांची तरतूद एकाच रचनेत केलेली असणे लक्षणीय आहे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र तर या विषयावरील मराठीतील एक उत्तम गद्यलेख आहे. साठवलेला दाणा-वैरण आताच बेपर्वाईने संपविला तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा इशारा त्यात दिला आहे. रयतेला उपद्रव न देण्याची सुप्रसिद्ध ताकीद त्याच पत्रात आहे. शालेय पुस्तकांतून तेवढाच भाग परिचित होतो, घोड्यांचा भाग मागे राहतो.

मराठी घोडदळाची ख्याती अवजड सामानावाचून दूर पल्ला मारण्याची होती. भीमा नदीच्या खोऱ्यातील काटक, मध्यम बांध्याच्या घोड्यांना भीमथडीची तट्टे म्हणत. घोडदळ संपल्यावर हा घोडा धनगर मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहत टिकून राहिला. अलीकडे भीमथडी या नावाने त्याची देशी वंश म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. राज्यात घोड्यांचे व्यवहार आजही यात्रांतून होतात. नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीस भरणारी यात्रा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील खंडोबाची यात्रा ही त्यांची मोठी ठिकाणे होत. तेथे घोड्याचे दात, खूर, अंगावरील भोवरे आणि चाल पाहून किंमत ठरते.

बुलढाणा जिल्ह्यात घोड्याचे स्थान आता मिरवणूक आणि वारी येथे उरले आहे. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर अश्व असतात. दासगणू महाराजांच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाच्या नवव्या अध्यायात कीर्तनकार गोविंदबुवा टाकळीकर यांच्या द्वाड घोड्याची कथा आहे. लाथा मारणारा, चावणारा, साखळदंडाने बांधावा लागणारा हा घोडा महाराज त्याच्या पायांत निजल्यावर शांत झाला, असे तीत सांगितले आहे. ती श्रद्धेची कथा आहे. परंतु द्वाड घोड्याच्या खोडींची त्यातील यादी जाणकाराची वाटते. जनावर व माणूस यांच्या जोडीची स्पर्धा म्हणून वऱ्हाडात घोड्यापेक्षा बैलांचा शंकरपट अधिक रुजला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली होती; डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रास सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. तेथील वादाचा मुद्दाही जनावराची इच्छा व त्याला होणारी इजा हाच होता.

भारतातील स्पर्धात्मक अश्वारोहण

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात हा खेळ मुख्यतः लष्कराने सांभाळला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला. त्यात भारताने तीन सुवर्णपदके मिळविली: रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक, भारतीय संघाने त्याच प्रकारात सांघिक आणि रूपिंदर सिंग ब्रार यांनी टेंट पेगिंगमध्ये. ऑलिंपिकमध्ये १९८० साली मॉस्को येथे भारतीय संघ उतरला. त्यानंतर १९९६ मध्ये इंद्रजित लांबा आणि २००० मध्ये मुंबईचे इम्तियाज अनीस यांनी इव्हेंटिंगमध्ये भाग घेतला. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ भारताचा एकही स्वार ऑलिंपिकमध्ये नव्हता.

बेंगळुरूचे फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत सिन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर वैयक्तिक रौप्य मिळविले व संघालाही रौप्य मिळवून दिले. त्याच घोड्यावर त्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून २३ वा क्रमांक मिळविला. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धांत भारताने सांघिक ड्रेसाजमध्ये २०९.२०५ गुणांसह सुवर्णपदक पटकावले. १९८२ नंतरचे या खेळातील ते पहिलेच सुवर्ण होते. संघात सुदीप्ती हजेला (घोडा चिन्स्की), दिव्यकृती सिंग (अ‍ॅड्रेनलिन फिरफॉड), मुंबईचे हृदय छेडा (केमएक्सप्रो एमराल्ड) आणि अनुष अगरवाला (एट्रो) हे होते. अगरवाला यांनी वैयक्तिक कांस्यही मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते ड्रेसाज प्रकारात उतरणारे पहिले भारतीय ठरले.

हे चौघेही युरोपात राहून सराव करीत होते व त्यांचे घोडेही तेथेच होते. याचे एक कारण प्रशिक्षणाचे आणि दुसरे रोगांचे. घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांमुळे भारतातील घोड्यांना परदेशी स्पर्धांसाठी थेट प्रवेश मिळणे फार अवघड असते व विलगीकरणाचा काळ सरावाची लय मोडतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय पातळी गाठू इच्छिणाऱ्या भारतीय स्वाराला घोडा परदेशातच विकत घ्यावा व ठेवावा लागतो. हा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि ग्रामीण भागातील गुणी स्वाराची वाट तेथेच अडते. २०२५ मध्ये मेरठ येथील लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रातील अश्वरोगमुक्त कक्षास जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्याने देशातील घोडे बाहेर नेण्याचा मार्ग प्रथमच खुला होऊ लागला आहे.

महाराष्ट्रात या खेळाचे जुने केंद्र मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लब हे असून तो १९४२ मध्ये स्थापन झाला. पुण्याजवळील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारीचे प्रशिक्षण दिले जाते. शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे अनेकदा स्वारी शिकविण्याच्या संस्थांकडे येतात. केवळ धावणेच शिकलेल्या अशा घोड्याला हळू चालणे नव्याने शिकवावे लागते.

घोड्यांचे कल्याण व वाद

अश्वारोहणात घोड्याची संमती कशी समजावी, हा प्रश्न अलीकडे तीव्र झाला आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये रानातील दौडीत जखमी झालेल्या स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याला दयामरण द्यावे लागले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या अनेक ऑलिंपिक पदकांच्या मानकरी शार्लट दुजार्दिन यांनी, सरावात घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारल्याची चित्रफीत पुढे आल्यावर, पॅरिस स्पर्धेतून माघार घेतली; त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. नाकपट्टा किती आवळावा, काटेरी टाच व चाबूक यांचा वापर कितपत असावा, घोड्याच्या तोंडात रक्त दिसल्यास त्याला बाद करावे काय, यांवर नियम अधिक काटेकोर होत आहेत. स्पर्धेपूर्वी व नंतर उत्तेजक द्रव्यांसाठी घोड्यांचीही चाचणी घेतली जाते, आणि घोडा दोषी आढळल्यास शिक्षा स्वाराला होते.